डाव्या कोपऱ्यातलं नाव

अॅमस्टरडॅम, ३ एप्रिल १७०९

चि. आल्येत हिस योस्टमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं चित्र पोचलं. गांधीलमाशीची पिल्लं जिवंत अळीला आतून खाऊन, कातडं फाडून बाहेर येताहेत आणि अळी आपली पान कुरतडतेच आहे. पाहून मामीनं ताट बाजूला सारलं. मी भिंग घेऊन चार दिवस बसलो. मी कुणा उस्तादाकडे शिकलेलो नाही, पण माझ्या डोळ्याला फसवता येत नाही. पान तुझं आहे. अळी तुझी नाही. तुझी रेघ टोकाला जाड होते, ही केसासारखी निमुळती होते. हात तुझ्याहून सरस आहे, रुसू नकोस.

छापाखाली डाव्या कोपऱ्यात चित्र काढणाऱ्याचं नाव, उजव्यात कोरणाऱ्याचं, हा आमच्या धंद्याचा नेम. खोटं नाव मी तांब्याच्या पत्र्यावर आजवर कोरलेलं नाही. तू उत्तराला उशीर लावतेस, म्हणून याच जहाजानं जावईबापू डीडेरिकना पत्र लिहून विचारलं आहे, तुमच्या मळ्यावर हा गुणी हात कुणाचा.

मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा योस्टमामा

सुरीनाम, २० ऑगस्ट १७०९

ती. योस्टमामांस सा. न. वि. वि.

हात अफिबाचा. आमच्या घरातली गुलाम बाई. अळ्या तीच शोधायची, तीच पाळायची. वर्षभर दार लावून मी तिच्या हाती कुंचला दिला.

त्याला लिहिलेलं तुमचं पत्र डीडेरिकनं जेवताना मोठ्यानं वाचलं. मामांना हात हवाय म्हणाला. अफिबाचा उजवा पंजा उंबऱ्यावर ठेवायला लावला आणि हातोड्यानं एकेक बोट ठेचलं. मी आडवी गेले, तर तोच हातोडा माझ्या जबड्यावर बसला. आठवड्यानं पंजा सडला, तेव्हा उसाच्या चरकाजवळच्या कुऱ्हाडीनं मनगटापासून तोडला.

मामा, तुम्हाला एवढं बारीक दिसतं, मग मी नाव का लिहिलं नाही हे कसं दिसलं नाही?

आज लोभ मागवत नाही.

आल्येत

अॅमस्टरडॅम, ९ डिसेंबर १७०९

चि. आल्येत हिस अनेक आशीर्वाद. द्यायचा हक्क उरला असला तर.

उजव्या कोपऱ्यातलं माझं नाव पत्र्यावरून खरवडून काढलं. हत्यार घसरून तळवा फाटला, तरी थांबलो नाही. डाव्या कोपऱ्यात अफिबा कोरलंय. पण छापलं तर तिचा दुसरा हात जाईल, एवढं आता दिसतं. पत्रा मेणात गुंडाळून ठेवलाय. छापखानेवाला दोनदा शिव्या देऊन गेला. छापायचं की वितळवायचं, ते तिला विचार. या वेळी दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही. हे पत्र मामीनं तुला धाडलेल्या परकराच्या अस्तरात शिवलंय.

वाट पाहतो.

योस्ट

सुरीनाम, २ एप्रिल १७१०

ती. मामांस सा. न. वि. वि.

अफिबा म्हणते, वितळवू नका. डीडेरिक मेला की छापा. तोवर काम थांबवायचं नाही म्हणते. सोबत तिनं डाव्या हातानं काढलेली अळी आहे, तशीच, आतून खाल्ली जाणारी.

रेघ थरथरते. ती सरळ करू नका.

तुमची आल्येत