पहिलं काडतूस भरणाऱ्याचं

आई,

एलामचा नमस्कार. पत्र लिहायचं रोज उद्यावर ढकलत होतो, रागावू नकोस. मी धड आहे, बोटं सगळी शाबूत आहेत. धाकट्या डेलाचा खोकला थांबला का?

इथे टेक्सासात, रानरेड्यांच्या शिकाऱ्यांच्या तळावर, मी एकबारी बंदुकीची काडतुसं भरायला शिकतोय. झाडलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, काळी दारू ओतून घट्ट ठासायची, वर चरबी लावलेली शिशाची गोळी बसवायची. (चरबी कुत्रं पळवतं आणि शिव्या मला.) मध्ये फट राहिली तर बंदूकच फुटते. म्हणून भरणाऱ्याने पहिलं काडतूस स्वतः उडवायचं, अशी इथली रीत. मी उडवलं. "तुझं थोबाड वाचलं, म्हणजे माझंही वाचेल रे," असं म्हणत आमचा शिकारी लेम्युएल बाकीची घेऊन गेला.

परवा त्याचा घोडा एकटाच परत आला. लोक शोधायला गेलेत. सगळी नीट ठासली होती का, आठवून पाहतो, पण काही आठवत नाही. रडूही येत नाही. मक्याची भाकरी खातो, भांडी घासतो.

थांबतो. सामानाच्या गाडीतून आत्ताच एक बाई उतरलीय. लेम्युएलची बायको म्हणे. तो कुठे आहे, असं मलाच विचारतेय.

तुझ्या पायांशी,
एलाम