शेगडीवर धरलेला ड्रम

बाबा, महिन्यापूर्वी नंदनवनच्या घरी एक तरुण आला होता. नागपूर-कामठीकडच्या जुन्या रॉक अँड रोल बँडांवर पुस्तक लिहितोय. तुमच्या बँडची तालीम आपल्या घरी व्हायची, एवढंच त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्याकडे एक फोटो होता. पुढे गिटारवाले तिघं, मागे ड्रमवर तुम्ही, आणि तुमचा चेहरा नेमका झांजेच्या आड. ते तिघंही आता नाहीत. "काकू, ड्रमवर कोण आहे हे?" मी चष्मा पुसला, फोटो निरखून पाहिला आणि म्हटलं, "ठरलेला कोणी नव्हता रे. दर वेळी वेगळा असायचा." त्यानं तसं लिहून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

विलायती ड्रमला तुम्ही ढोलकीवाल्याकडून बकरीचं कातडं चढवून घेतलं होतं. हवा दमट असली की ते सैल पडायचं, मग कार्यक्रमाला निघण्याआधी मी तो शेगडीवर धरून फिरवायची. टिचकी मारली की सुका, टणक आवाज आला पाहिजे. त्यानंतर क्षणभरही निखाऱ्यांवर ठेवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलेलं.

मी सातवीत होते. कामठीच्या छावणीतल्या हॉलमध्ये तुमचा कार्यक्रम, आणि ऐकायला मुंबईहून रेकॉर्ड काढणारा माणूस येणार. पंधरा वर्षं तुम्ही त्याचीच वाट पाहत होतात. आणि त्याच दुपारी कातडं फाटलं. दुसरं नव्हतं. तुम्ही मला मारलं नाही. हॉलवर नेलंत, स्टेजवर उभं केलंत, फाटका ड्रम दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला लावलात आणि माईकवर म्हणालात, "आज का प्रोग्राम इसकी वजह से नहीं होगा." फौजी हसले. मुंबईचा माणूस पहिल्या रांगेतून उठून चालला होता. बँड त्या वर्षीच मोडला. पुढे माझ्या लग्नात, व्याह्यांच्या पंगतीतही, तुम्ही तेच विचारलंत, "लक्ष कुठं होतं वं तुझं त्या दिवशी?"

कार्यक्रमाच्या त्या दिवशी सकाळी आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही चौघं जेवताय. आई पोळ्या लाटतेय आणि तुमच्याच गाण्याची चाल गुणगुणतेय. अगदी सुरात. एक गिटारवाला म्हणतो, "वहिनीले तर पाठच आहे गा!" आईचा चेहरा उजळतो. तेवढ्यात तुम्ही म्हणता, "तुले काय समजते वं यातलं? रेडा रेकून राहिला वाटते. पोळी पाह्य, करपली." चौघंही हसता. त्यानंतर ती कधी गुणगुणली नाही, बाबा. माझ्या मुलांना झोपवतानासुद्धा नाही.

आज त्या तरुणाचा फोन आला. पुस्तक छापायला चाललंय. "काकू, ड्रमवाल्याचं एखादं तरी नाव आठवलं का?" नाही म्हटलं. मग हे लिहायला बसले. पाठवणार कुठे, लिहून झालं की फाडून टाकीन. पण तुम्ही मरेपर्यंत विचारत राहिलात, तर एकदा सांगून टाकते. माझं लक्ष कातड्यावरच होतं. मी टिचकी मारली, सुका, टणक आवाज आला. मग मी ड्रम निखाऱ्यांच्या आणखी जवळ नेला.