टीव्हीनं विचारलं, मी हो म्हटलं

३ तारीख, मंगळवार

सगळ्यांत आधी टपकली ती समोरची शिंपीणबाई. माझी पेटी अजून लिफ्टमधून बाहेर निघायची होती, तर ही गळ्यात मापाची टेप लटकवून दारात उभी. तिच्यामागून वरची निवृत्त नर्सबाई, तिच्यामागून आणखी कोणकोण, आता आठवत नाही. सगळ्या मला बघायला आलेल्या आणि वरून म्हणतात, सहज आलो. सहज कोणी तीन जिने उतरतं का. मी पाणी पिऊन होईपर्यंत शिंपीणबाईनं अख्ख्या मजल्याची कुंडली मांडली. आमच्या भिंतीला लागून असलेलं घर दोन वर्षं कुलपात आहे, वीजसुद्धा तोडलीय, त्यामुळे पलीकडची भांडणं ऐकायची सोय उरली नाही, असं फार हळहळून सांगितलं. मला बाई आवडली.

हे लिहायचं कारण म्हणजे ठमी, माझी नात, सहा वर्षांची. तिला शाळेसाठी रोज चार ओळी लिहाव्या लागतात, तर म्हणाली, आजी, मी एकटी का लिहू, तूपण लिही. वही तिचीच, वरती ससा आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही रडतखडत. चार ओळींत मावणं मात्र मला जमायचं नाही, ते तिला आधीच सांगितलंय.

सूनबाई पुन्हा कामावर जायला लागली. ठमी एक वाजता शाळेतून येते, घरी कोणी नाही, म्हणून तिला पाळणाघरात ठेवत. तिथे पोर जेवायची नाही, नुसती कोपऱ्यात बसायची. लेक म्हणाला, आई, तू आलीस तर ती घरात राहील. मी म्हटलं, पोर माझ्यावर सोडा. ह्या वयात एवढं मोठं काम कोण कोणाला देतं. पाय दुखतायत, पण मी खूष आहे.

५ तारीख, गुरुवार

आज लेकानं सुट्टी काढून माझ्यासाठी खटपट केली. माझी धाकटी बहीण लांब असते, तिच्याशी बोलायचं तर फोनच्या पडद्यावर ती मला तांदळाएवढी दिसते. लेक म्हणाला, त्याचा जुना लॅपटॉप मला, आणि लॅपटॉपवरचं सगळं भिंतीवरच्या टीव्हीत मोठ्ठं दिसेल, मध्ये वायरसुद्धा नाही.

पण जुळेचना. एकदा लॅपटॉपला टीव्ही दिसला नाही, एकदा दिसला तर चित्र नाही, मग चित्र आलं तर आवाज लॅपटॉपातच राहिला. दोन्ही बंद केले, पुन्हा चालू केले. दोघं एकाच नेटवर आहेत का ते बघितलं. मी म्हटलं, अरे, ही तर सोयरीक जुळवण्यासारखीच गत. घराणं एक हवं, दोघं जागे हवेत, एकानं विचारायला हवं आणि दुसऱ्यानं हो म्हणायला हवं. लेक हसला, म्हणाला, अगदी तसंच आहे आई. तेवढ्यात टीव्हीत एक निळी चौकट आली. लेकानं दाखवलं, पहिलं बटण हो, दुसरं बटण नाही, आणि खाली हे छोटं घर आहे त्यात खूण केली की नेहमीसाठी हो, पुन्हा म्हणून विचारायचं नाही. त्यानं खूण केली आणि धाकटी ही एवढी भिंतभर आली. तिच्या नाकावरचा चष्म्याचा वळसुद्धा दिसला. आम्ही दोघी आधी अर्धा तास नुसत्या हसलो.

अक्षरं मला वाचता येत नाहीत, इंग्रजी आहेत. पण जागा लक्षात ठेवल्या. पहिलं हो, दुसरं नाही, खाली नेहमीसाठी.

९ तारीख, सोमवार

दुपारचे तीन. ठमी जमिनीवर चित्र रंगवत होती, मी भाजी निवडत टीव्हीसमोर. लॅपटॉप बंद, कपाटावर. तरी टीव्हीत ती निळी चौकट आली. कोणीतरी विचारतंय, येऊ का.

मला वाटलं, लेक कामावरून काही दाखवतोय. त्याला लाखवेळा येता येईल. आणि लेक नसला तरी काय, आमच्या घरात दारात आलेल्याला नाही म्हणायची रीत नव्हती. मी पहिलं बटण दाबलं. शिवाय खालच्या त्या छोट्या घरात खूणही केली. घरच्या माणसानं दरवेळी काय म्हणून दार वाजवायचं.

आलं ते चित्र एका खोलीचं. करडी भिंत, एक लांब सोफा, त्यावर कोणी नाही. बराच वेळ तेच. आवाज नाही. मग आपोआप गेलं.

संध्याकाळी लेकाला विचारलं, तर म्हणाला, मी काही पाठवलं नाही, कोणाचं तरी चुकून जुळलं असेल. जेवायला सगळे वेळेवर बसलो.

१० तारीख, मंगळवार

आज पुन्हा तीनला. आता विचारतसुद्धा नाहीत.

तीच खोली. आज सोफ्यावर दोघं होते. एक म्हातारा, कोट घातलेला, आणि एक बाई, केस घट्ट ओढून बांधलेले. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना, मध्ये जागा सोडून. इतक्या मोठ्या सोफ्यावर असं कोणी बसतं का, मला हसूच आलं, वाटलं नवराबायकोचं बिनसलंय. मी त्यांना म्हटलंसुद्धा, अहो, जरा सरकून बसा. बाईनं मान हलवली. मला वाटलं, ऐकू गेलं.

ठमीनं त्यांना हात केला. म्हाताऱ्यानं लगेच केला. मग मी चहा करायला आत गेले आणि परत आले तर टीव्ही काळा. ठमी म्हणाली, ते आपल्याकडे बघत होते, आजी, तुझ्याकडे नाही, माझ्याकडे.

खरं सांगायचं तर दिवसभर मला बोलायला कोणी नसतं. पाहुणे म्हणून बरे वाटले.

१२ तारीख, गुरुवार

धाकटीशी बोलत होते, ती टीव्हीत, मी सोफ्यावर. तिनं पुलाव जमला नाही म्हणून जावेला नावं ठेवली, मग एकदम थांबली. म्हणाली, अक्का, तुझ्याकडे कोण आलंय. मी म्हटलं, कोणी नाही, मी आणि ठमी. म्हणाली, मग तुझ्या मागे कोण बसलंय, एक म्हातारा आणि एक बाई.

माझ्या मागे जेवणाचं टेबल आहे. चार खुर्च्या. मी वळून बघितलं. खुर्च्या रिकाम्या.

मी म्हटलं, असतील कोणी पाहुणे, तुझा चष्मा बदल. दोघी हसलो. मग मी खुर्च्यांवरून हात फिरवला. एकीची बैठक ऊबदार होती. ठमी तिथे बसली असेल. बसली नव्हती, ती माझ्याजवळच होती, पण बसली असेल.

लेकाला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, आईला भास व्हायला लागले. मग ठमी पुन्हा पाळणाघरात, कोपऱ्यात.

१३ तारीख, शुक्रवार

आज अक्षर वाईट.

तीनला ते आले. मी ठमीचं दूध गॅसवर ठेवलं होतं म्हणून आत गेले. फार तर दोन मिनिटं. दूध वर यायच्या आत परत आले. ठमी खोलीत नाही.

टीव्हीत होती. सोफ्यावर, त्या दोघांच्या मध्ये, त्या सोडलेल्या जागेत. जागा तिच्याच मापाची होती, आता कळलं. पाय खाली लोंबत होते. अंगावर तोच पिवळा फ्रॉक. बाई तिचे केस विंचरत होती.

टीव्हीकडे गेले आणि काच धरली. काच गार. मग चित्र गेलं.

ठमी खिडकीच्या पडद्यामागे सापडली. भिंतीला टेकून उभी. हात बर्फासारखे. म्हणाली, आजी, मी तिकडे होते, तिकडे भूक लागत नाही.

तिच्या केसांना घट्ट वेणी होती. मी सकाळी सैल घातली होती.

१४ तारीख, शनिवार

लेकाला सगळं नाही, अर्धं सांगितलं. म्हटलं, टीव्हीत कोणाचंतरी चित्र येतं आणि ठमी घाबरते. लेकानं टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. भला माणूस, पण बोलायला बसला की उठत नाही. मावशी, मावशी करत त्यानं सगळं तपासलं. टीव्हीत जोडलेल्यांची यादी असते. त्यात आमचा लॅपटॉप आणि खाली एक बिननावाचं. त्यानं ते काढून टाकलं. परत यादी उघडली, परत होतं. चारदा काढलं, चारदा आलं. म्हणाला, ह्याला तुमच्याकडून नेहमीसाठी हो मिळालंय, म्हणून निघत नाही. टीव्ही दुकानात नेऊन सगळं पुसायला लागेल.

लेक म्हणाला, नेटवरून कोणी शिरलं असेल, पासवर्ड बदलतो. दुरुस्तीवाला म्हणाला, साहेब, नेटचा संबंध नाही. ही दोन यंत्रं आपसात बोलतात, जवळूनच. लांबून पोचतच नाही. वीस-पंचवीस फूट, फार तर.

मी मोजलं. पावलांनी. एका बाजूला जिना, त्यात कोणी नाही. एका बाजूला ते बंद घर, वीज नसलेलं. समोर शिंपीणबाई, पण तिचं घर पंचवीस फुटांच्या पलीकडे. वर खाली जाड छत. पंचवीस फुटांत जे काही आहे ते आमचं घरच आहे.

सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही फिकट दिसताय, आराम करा. माझ्याकडे अशी बघितली, जशी मी माझ्या सासूकडे बघायचे, शेवटी शेवटी.

१६ तारीख, सोमवार

टीव्ही दुकानात गेला. दुरुस्तीवाला शुक्रवारी देतो म्हणाला. भिंतीवर त्याची चौकोनी जागा दिसते, आजूबाजूला धूळ, मध्ये स्वच्छ. मला हलकं वाटलं. तीनला मी ठमीला मांडीवर घेऊन बसले. काही नाही. सव्वातीन. साडेतीन.

मग सोफा दबला. आमचा. दोन टोकांना, दोन खळगे. मध्ये —

ठमी मांडीवरून उतरायला लागली. मी धरून ठेवलं. म्हणाली, आजी, सोड ना, त्यांनी जागा ठेवलीय.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात. म्हातारी मी. मला न्या ना.

१७ तारीख, मंगळवार

आज दिसले. टीव्ही नाही, पडदा नाही, भर दुपारच्या उजेडात. कोटाची बटणं दिसली. बाईच्या मांडीवर कंगवा.

मी म्हटलं, उठा. म्हटलं, माझ्या घरातून निघा. नाही म्हणते मी, ऐकू येतं का, नाही.

बाई बोलली. आवाज अगदी साधा, शेजारणीसारखा. म्हणाली, नाही असं तोंडानं कसं चालेल, आजी. तुम्हीच नेहमीसाठी हो म्हणालात. नाही म्हणायचं तर दुसरं बटण आहे.

दुसरं बटण टीव्हीत. टीव्ही दुकानात. शुक्रवारपर्यंत. मी स्वतःच पाठवला — हात दाखवून अवलक्षण —

म्हातारा उठला. ठमीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, गुरुवारी येतो, दुपारी तीनला. मुलीचे केस विंचरून ठेवा.

दुकानात फोन केला. आधी द्या म्हटलं. दुरुस्तीवाला म्हणाला, सुटा करून ठेवलाय, शुक्रवारच. लेकाला सगळं सांगितलं, सगळंच. तो रडवेला झाला. माझ्यासाठी, ठमीसाठी नाही. म्हणाला, डॉक्टरांना दाखवू, आई.

१८ तारीख, बुधवार

सुचलं. उद्यापासून ठमीच्या शाळेला सुट्टी आहे. मी म्हटलं, धाकटीकडे जाते चार दिवस, ठमीला घेऊन. लेक लगेच हो म्हणाला, हवापालट होईल म्हणाला. सकाळची सहाची बस. तीन वाजेपर्यंत आम्ही कुठच्या कुठे. बसू देत रिकाम्या घरात.

पिशवी भरली. फ्रॉक, दोन स्वेटर, ही वही. ठमीचे केस मोकळेच ठेवलेत.

आत्ता धाकटीला फोन केला. म्हटलं, उद्या येतोय दोघी. तिला आनंद झाला. म्हणाली, ये ये, पण तुझ्याआधीच कोणी येऊन बसलंय. परवापासून. टीव्हीत चौकट आली होती, अक्का, मी आपलं हो म्हटलं, खाली खूणपण केली, आपल्या माणसांनी कशाला परत परत विचारायचं. तुझ्याकडचेच पाहुणे ते, मी ओळखलं. फार शांत गं. चहा घेत नाहीत. सोफ्यावर मध्ये जागा सोडून —

मी म्हटलं, धाकटे, दुसरं बटण. आत्ता दाब. तुझा टीव्ही आहे ना तिथे, दुसरं —

म्हणाली, अगं, ते आत्ताच निघालेसुद्धा. पोरगी इथे पोचली की परत येतो म्हणाले.

ठमी आतून हाक मारतेय. नाही, हाक नाही, बोलतेय कोणाशी तरी.

विचारलं, कधी येतो म्हणाले. धाकटी म्हणाली, गुरुवारी, दुपारी ती —