अक्षया ढोलेच्या समीकरणाबाबत

मी, श्रीरंग नरसिंह केळुसकर, वय ७४, भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार द्वारका, नवी दिल्ली, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपण कोणाचेही नाही. लाज आहे, ती माझी मलाच.

१. राहता फ्लॅट व सर्व ठेवी पत्नी हेमलता हिला. पुस्तके मुलगा सुधन्वा याला देऊ नयेत. तो रद्दीत घालील.

२. क्वार्कांवरचा माझा गाजलेला शोधनिबंध माझा नाही. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांची वस्तुमाने मिळवली तर प्रोटॉनचा जेमतेम शंभरावा भाग भरतो; बाकीचे वस्तुमान त्यांना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेचे, हे सर्वांनाच ठाऊक होते. लॅम्डा आणि सिग्मा हे कणही तसेच: दोघांत तेच तीन क्वार्क, पण स्पिनची, म्हणजे क्वार्कांच्या फिरकीची, जुळणी निराळी, म्हणून सिग्मा जड. ही रीत आणखी जड क्वार्कांना लावण्याचे समीकरण माझी विद्यार्थिनी अक्षया ढोले हिने मांडले. सोळा वर्षांपूर्वी मी ते एकट्याच्या नावाने छापले.

नियतकालिकाचा तो अंक हातात घेऊन ती आली. "सर, माझं नाव राहिलं का?"

"तू आकडेमोड केलीस. विचार माझा होता," मी म्हणालो.

"अच्छा," म्हणाली आणि गेली. पीएच.डी. तिथेच सुटली.

पुढे प्रयोगात तसा जड क्वार्कांचा एक कण सापडला, वस्तुमान तिच्या समीकरणातून आलेल्या आकड्याशी जुळले. इथे दिल्लीत कोपर्निकस मार्गावर मराठी मंडळींनी माझा सत्कार केला. शाल मी मान वाकवून घेतली.

३. गेल्या महिन्यात दिल्लीजवळच्या मानेसरला गेलो. ती तिथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. कंपनीच्या बसमधून उतरताना दिसली. मी शेअर ऑटोच्या आड लपलो आणि परत आलो.

४. निबंध माझ्या पश्चात तिच्या नावावर करावा, असे कलम येथे होते. मसुदा वाचून हेमलता म्हणाली, "मेल्यावर कबुली? म्हणजे तिच्यासमोर उभं राहायला नको!" ते कलम रद्द. कबुलीचे पत्र आज सकाळी नियतकालिकाला पाठवले आणि अक्षयाला फोन केला.

ती म्हणाली, "समीकरणाच्या तिसऱ्या ओळीत तुम्ही उतरवताना अधिक-उण्याचं एक चिन्ह चुकवलंत, सर. शेवटचा आकडा माझाच छापलात, म्हणून जुळला. त्या दिवशी तेही सांगायचं होतं."

ती ओळ मी निवृत्तीपर्यंत फळ्यावर लिहीत आलो. चूक मला एकदाही दिसली नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

श्रीरंग नरसिंह केळुसकर

साक्षीदार: १. गौरव दत्तात्रय पिंगळे, शेजारी
२. डॉ. प्रभा सखाराम इंगोले

नवी दिल्ली, ९ नोव्हेंबर २०२५