साखळीचं दुसरं टोक

नाना, तुमची नात तुमची जमीन मोजणीची कच्ची वही मागते आहे आणि ती द्यावी की नाही हे चार दिवस ठरत नव्हतं, म्हणून लिहायला बसले. पक्की टिपणं तुम्ही भूमापन कचेरीत जमा केलीत. ही वही तुमची स्वतःची, तुमच्या ट्रंकेत राहिली, आणि तुमच्यामागे ट्रंक माझ्या पलंगाखाली आली. इतक्या वर्षांत ती कुणी मागितली नव्हती. कुणी काही मागितलं की आधी 'कशाला' विचारायचं, ही माझी सवय तुम्हाला माहीत आहे. पुढे ती वाढली. बी.एस्सी. झाल्यावर वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं मी तयार भाग तपासले. समोर आलेला प्रत्येक भाग चुकलेला आहे असं धरून चालायचं, बरोबर असेल तर मापाच्या गेजवर ठरेल, असं ते काम. निवृत्त झाले तरी ती नजर घरी आलीच.

गेल्या वर्षापासून माझी मुलगी, तुमची ही नात, महिन्यातून एका रविवारी पहाटेच्या एसटीनं पुण्याला जायला लागली. विचारलं तर म्हणे, काम आहे. सुट्टीच्या दिवशी कसलं काम? मी तिची पिशवी पाहिली. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. आत एक वही होती. 'पायऱ्या बत्तीस, मग डावीकडे, आंधळ्यांसाठीची पट्टी इथं संपते, लिफ्टचं दार उत्तरेला.' पुरुषाचं पत्र सापडलं असतं तरी मी इतकी चमकले नसते. तिला समोर बसवलं तेव्हा तिनं सांगितलं ते असं. पुण्यात आता जमिनीखालूनही मेट्रो जाते. स्थानकं दोन-तीन मजले खोल, तोंडं चार-पाच, आणि कुठलं तोंड कुठं निघतं ते आत गेलेल्याला कळत नाही. फोनलासुद्धा जमिनीखाली आपण कुठं आहोत ते समजत नाही. म्हणून ही मंडळी पावलं मोजत, जिने मोजत, फोटो काढत स्थानकं कागदावर आणतात आणि जगाच्या एका खुल्या नकाशात भरतात. पगार नाही. नकाशा कुणीही पाहावा, कुणीही दुरुस्त करावा.

"कुणीही दुरुस्त करावा, म्हणजे कुणीही बिघडवावा," मी म्हटलं.

"आई, तू अशीच सुरुवात करणार हे मला माहीत होतं."

फुकट कोण कुणासाठी राबतं, ही माझी शंका अजून गेलेली नाही. पण त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नकाशा काढायची आणि मी पोळ्या लाटताना तिच्या खांद्यावरून बघायचे. एका शुक्रवारी संध्याकाळी एक मोठं स्थानक पूर्ण झालं. रस्त्यावरून थेट फलाटापर्यंत लिफ्टची एक सरळ उभी रेघ. मी विचारलं, या लिफ्टमधून तू गेलीस? ती म्हणाली, मी जिन्यानं गेले होते, लिफ्टचे फोटो गटातल्या लोकांनी टाकलेत. एक रस्त्यावरच्या दाराचा, एक फलाटावरच्या दाराचा, आणि नकाशावर ठेवून बघितलं तर दोन्ही साधारण एकाच जागी येतात.

"वरचा फोटो एकाचा, खालचा दुसऱ्याचा. मधलं कुणी पाहिलं?"

मग तिनं फोन माझ्यापुढे धरला. पुण्यातल्या एका बाईंचा निरोप होता. बँकेत नोकरी, चाकाच्या खुर्चीवर असतात. रोज भाऊ सोडायचा, त्याची बदली झाली. सोमवारपासून त्या एकट्या जाणार होत्या, या स्थानकातून, या नकाशावर. तुमच्यामुळे जमेल, असं लिहिलं होतं. पोळी तव्यावर करपली. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, रविवारी मी येते. दोन्ही टोकांकडून मोजू.

हे शब्द तोंडातून निघाले आणि तुम्ही आठवलात. गंगापूरच्या अलीकडचं ते कपाशीचं रान. मी अकरा वर्षांची, शाळेला सुट्टी, मोजणीच्या साखळीचं एक टोक माझ्या हातात. दोन भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे आहेत, एकमेकांकडे न बघता. पलीकडून तुम्ही ओरडता, "सरळ हाय का गं?" मला तहान लागली आहे, ऊन डोक्यावर आहे. मी ओरडते, "व्हय." मग तुम्ही त्या टोकाकडून उलटं मोजत येता आणि आकडा जुळत नाही. तुम्ही त्या दोघांना सांगता, "चूक माझी हाय. साखळी खुंटात अडकली व्हती. परत मोजतो." दुसऱ्या मोजणीत बांध चार पावलं सरकला, थोरल्याला तेवढं रान जास्त मिळालं. घरी जाताना तुम्ही एकच विचारलंत. "बघितलं व्हतं का तू?" मी म्हटलं, बघितलं होतं. "मग अडकलेली साखळी दिसली कशी नाय? बघितलं नाय तर नाय म्हणावं. त्याला लाज नाय."

दोन दिवसांनी आपल्या घरी काकवीचा हंडा आला. आईनं कौतुकानं वाट्या भरल्या. मी हात लावला नाही. माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलं की खुंट वगैरे काही नव्हता, हंडा थोरल्याचा होता आणि बांध हंड्यासाठी सरकला. मी कधी विचारलं नाही. तुम्ही शेवटचे आजारी होतात, मी उशाशी बसायचे, तेव्हाही नाही.

तर रविवारी आम्ही पुण्याला गेलो. मी वरच्या तोंडापाशी उभी राहिले, मुलगी फलाटावर, आणि दोघी एकमेकींकडे निघालो. रस्त्यावरची लिफ्ट मला तिकिटाच्या दालनात सोडून थांबली. तिथून फलाटावर फक्त जिने. फलाटाची लिफ्ट दालनाच्या दुसऱ्या भागात, मधे काचेची भिंत; त्या भागात रस्त्यापलीकडच्या तोंडाची लिफ्ट उतरते. म्हणजे खुर्चीवरच्या माणसानं रस्त्यापलीकडच्या तोंडानंच यायला हवं; इकडून आलं तर काचेतून लिफ्ट दिसेल आणि गाठता येणार नाही. मुलगी काचेच्या पलीकडे, मी अलीकडे. तिचा चेहरा मी विसरणार नाही. मुलगी जिन्यानं फिरून माझ्याकडे आली; खात्री म्हणून मी तिसऱ्यांदा वर जाऊन दालनात परतले, तेव्हा रखवालदार जवळ आला.

"मावशी, मघापासून वर-खाली करताय. हरवलात का?"

"मी नाही. तुमची लिफ्ट हरवली होती, शोधून दिली."

"आम्हाला ठाव हाय की ती कुठं हाय."

"मग कुणाला सांगितलंत का?"

"कुणी इचारलं नाय," तो म्हणाला आणि मुलीकडून पाण्याची बाटली मागून घेतली. आमच्याकडचाच निघाला, पिशोरचा.

मुलीनं तिथंच बाकावर बसून रेघ खोडली, दोन लिफ्टा वेगळ्या केल्या आणि त्या बाईंना फोन लावला. मला वाटलं, सांगेल की फोटोवाल्यांनी चुकवलं. तिनं सांगितलं, "चूक माझी आहे. मी स्वतः पाहिलं नव्हतं." तुमचेच शब्द, नाना, आणि ते तिला कुणी शिकवले नव्हते; मी तर नाहीच.

म्हणून ती आता वही मागते. तिला गटातल्या लोकांना तुमची रीत दाखवायची आहे. प्रत्येक रेघेसमोर कुणी मोजली, कोणत्या टोकाकडून, उलटी मोजली का. मी म्हटलं, त्या भावांची नातवंडं अजून जमिनीवर आहेत, पानांचे फोटो काढून सगळ्यांपुढे टाकशील. ती म्हणाली, "आई, शेतं झाकून दाखवीन. तू समोर बस."

चार दिवस मी द्यायचं टाळत होते ते शेतांसाठी नव्हतं. मला आधी ते पान बघायचं होतं. बघितलं. पहिला आकडा एका आडव्या रेघेनं खोडलेला, वाचता येईल असा. खाली तुमच्या अक्षरात, 'साखळी खुंटात. दोन्ही टोकांकडून तीनदा मोजले.' साखळी धरणाऱ्याची जागा कोरी. त्या वहीतल्या बाकी प्रत्येक पानावर ती भरलेली आहे. काकवीबद्दल अर्थात काही नाही. हंडा कुणाचा होता ते मला आजही माहीत नाही आणि शंका पुरती गेली असं मी तुम्हाला सांगणार नाही. खुंट होता की नाही हे सांगू शकणारी तुमच्याशिवाय एकच व्यक्ती होती, आणि तिनं पाहिलं नव्हतं.

आज दिलं ते असं. मोजणीची कच्ची वही एक, कापडी पाठीची, शेवटची काही पानं कोरी. मोजणीची साखळी एक, पितळी मुठींची, एक कडी वाकलेली. घेणारी, तुमची नात. देण्याआधी त्या पानावर, साखळी धरणाऱ्याच्या कोऱ्या जागी, मी पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'बघितलं नव्हतं.'