वाफेवरचं मीठ

फ्रिस्को, टेक्सस, १८ मे २०२५

प्रिय शैलजावन्सं यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. विनयरावांचा गुडघा आता जिने चढू देतो हे वाचून हायसं वाटलं. इकडे निमिष, सूनबाई ज्ञानदा, अनया खुशाल. तुमचे दादा मात्र खुशाल आहेत की नाहीत हे मला ठरवता येत नाही, म्हणून हा कागद घेतला. फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन आला की ते लगेच स्पीकर लावतात आणि सगळं घर ऐकतं.

नागपूरला पाटबंधारे खात्यात असताना धरणावरच्या दौऱ्यालासुद्धा ज्यांनी घरचा डबा नेला, हॉटेलचं खाणं म्हणजे नुसता सोडा असं जे उभा जन्म म्हणत आले, ते तुमचे दादा गेला दीड महिना दर शनिवारी चार वाजल्यापासून शर्टाला इस्त्री करून, मिशीला कात्री लावून तयार बसतात. निमिषच्या मागे भुणभुण, की आज नवीन कुठलं इंडियन रेस्टॉरंट. इथे दर दुसऱ्या चौकात एक आहे, त्यामुळे निमिषला नाही म्हणायलाही जागा नाही.

बरं, जेवायला जावं तर सरळ जेवावं ना! मागच्या शनिवारी टायरच्या दुकानाशेजारी गेलो होतो. डाळ आली. यांनी वाटी उचलली, डोळे मिटले आणि नाकाशी धरून बसले. पोळी नाही, घास नाही. वेटरला वाटलं डाळ नासली. तो उचलून दुसरी घेऊन आला. हिचाही वास घेतला. मग मॅनेजर येऊन माफी मागून गेला आणि आम्ही न मागवलेले गुलाबजाम ठेवून गेला. अनया टेबलाखाली शिरायची तेवढी बाकी होती; इंग्रजीतून आजोबांना विनवत होती की लोक बघताहेत. यांनी खिशातून डायरी काढली आणि काहीतरी टिपून ठेवलं. विचारलं तर म्हणाले, निरीक्षणं आहेत.

हसून झालं असेल तर आता खरं सांगते. जानेवारीत मला तो मोठा ताप येऊन गेला ना, तेव्हापासून माझं नाक गेलं आहे. कसलाच वास येत नाही, फोडणीचा नाही की उदबत्तीचा नाही. हे मी घरात कुणालाही बोललेले नाही. सासूबाईंनी मला शिकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे: नैवेद्य दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही, उकळीच्या वाफेवरून मीठ ओळखायचं. एकेचाळीस वर्षं तसंच केलं, रोजच्या स्वयंपाकालासुद्धा. आता अंदाजानं टाकते. एखाद्या दिवशी दोनदा पडतं, एखाद्या दिवशी पडतच नाही. जेवायला बसल्यावर जिभेला कळतं, पण तोवर सगळ्यांची पानं वाढलेली असतात.

आणि तुमचे दादा चकार शब्द काढत नाहीत. जिरं जरा काळं झालं तरी बोलून दाखवणारा माणूस मुकाट्यानं दोन पेले ताक पितो आणि शनिवारी हॉटेलात पळतो. माझ्या हातचं त्यांना नकोसं झालं आहे, दुसरं काय म्हणू? ऑगस्टच्या शेवटी गणपती आहेत. पंचवीस पानं दर वर्षी माझ्या हातची होतात आणि लोक वर्षभर त्या आमटीचं नाव काढतात. यंदा त्या पंचवीस जणांसमोर माझी काय शोभा होणार, या विचारानं आत्तापासून रात्री दोन-दोनदा उठून बसते. दादांना यातलं काही कळू देऊ नका, तुम्हाला माझी शपथ आहे.

लोभ आहेच, तो तेवढा अळणी होऊ देऊ नका.

आपली,
सुलेखा


फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, २९ मे २०२५

सौ. वहिनीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचताना आधी हसून डोळ्यांत पाणी आलं आणि पान उलटल्यावर नुसतंच पाणी आलं. अगं, जानेवारीपासून एकटीनं कशाला सोसत बसलीस? नाक गेलं म्हणजे काही अब्रू गेली नाही. आधी डॉक्टरला दाखव. आणि तोवर पळीभर आमटी तळहातावर घे आणि सरळ चाटून बघ. गणपतीबाप्पा इतका कडक नाही.

पण तू हे करणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि का करणार नाहीस तेही माहीत आहे. आमच्या दादामुळे! मी नऊ वर्षांची होते, महालक्ष्म्यांचा दिवस. पुरणात बोट घालून चाटलं, एवढाच गुन्हा. दादा तेव्हा पंधरा वर्षांचा होता, नुकती मिसरूड फुटलेली. त्यानं तरातरा जाऊन आईला सांगितलं. झालं, अख्खं पातेलं नैवेद्याला उष्टं ठरलं, शेजारी वाटलं गेलं आणि डाळ नव्यानं शिजायला पडली. पन्नास माणसं चार वाजेपर्यंत उपाशी, आणि सगळी माझ्याकडे बघताहेत. अजून पुरणपोळी समोर आली की मला ते आठवतं, आणि तरीही मी तीन खाते.

तेव्हा तुझी अडचण मला कळते. पण दादाला तुझ्या हातचं नकोसं झालं, हे काही मला पटत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तुझ्या कढीवरून तो माझ्याशी भांडला होता. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली म्हणून. आमच्याकडे रविवारी विनय मला थाळीच्या रेस्टॉरंटात नेतात. तिथल्या कढीत साखर इतकी असते की ती जेवणानंतर द्यायला हवी. दादाला एकदा पाठव, तिचाही वास घेऊ दे.

शपथ पाळते आहे. प्रेम असू दे, आणि भीती तेवढी कमी कर.

तुझी,
शैलजा


फ्रिस्को, १५ जून २०२५

चि. शैलूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राचं कारण खासगी आहे. तुझ्या वहिनीला यातलं अक्षर कळता कामा नये.

तिला वास येत नाही. ती सांगत नाही, पण मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. एके दुपारी ओट्यावर दूध करपत होतं, घरभर करपल्याचा वास सुटला, आणि ती तिथेच शेजारी बसून शांतपणे मटार सोलत होती. स्मोक अलार्म कोकलला तेव्हा तिनं वर पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की मी पटकन म्हणालो, चूक माझी, गॅस मीच मोठा करून ठेवला होता. तिनं मला चांगलं फैलावर घेतलं. मला फार बरं वाटलं.

मीठ चुकतं तेव्हा मी बोलत नाही. बोललो तर तिला सांगावं लागेल, आणि ते सांगणं तिला जड जाईल. पण गणपतीला पंचवीस माणसं जेवायची आहेत, त्यांची तोंडं मी कशी धरणार? म्हणून ठरवलं की वाफेवरून मीठ ओळखायला आपणच शिकायचं आणि त्या दिवशी तिच्या शेजारी उभं राहायचं. घरी वास घेत बसलो तर तिला संशय येईल. रेस्टॉरंटात कुणी ओळखीचं नसतं, आणि तेवढाच तिला ओट्यापासून एक दिवस आराम. आधी वास घ्यायचा, अंदाज लिहायचा, मग खाऊन पडताळायचं.

अकरा शनिवार झाले. निकाल वाईट आहे. एक तर या रेस्टॉरंटांतून सगळ्या भाज्यांना रस्सा एकच, नावं तेवढी निराळी. पनीर असो, छोले असोत की कोफ्ता, साय आणि कसुरी मेथी याखेरीज नाकाला काही लागत नाही. गेल्या आठवड्यात ओक्लाहोमाच्या वाटेवर ट्रकवाल्यांच्या थांब्यावर एक पंजाबी ढाबा लागला. तिथल्या सरदारजींनी मला थेट भट्टीपाशी नेलं. माझा प्रकार ऐकून ते पोट धरून हसले. त्यांचं म्हणणं असं की मीठ बघायला देवानं जीभ दिली आहे, नाकाला कशाला त्रास. त्यांना आपली रीत काय समजावणार! डाळ मात्र उत्तम होती.

तर मला एवढंच कळव: आईला वाफेवरून नेमकं काय कळायचं? तू मुलगी, तू तिच्याजवळ असायचीस. मी नुसता चुका काढायला स्वयंपाकघरात जायचो.

प्रकृतीस जप. उलट टपाली उत्तराची वाट पाहतो, आणि पत्र माझ्या नावानं घाल.

तुझा,
दादा पुरुषोत्तम


फ्रिस्को, २० जुलै २०२५

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या दादांनी आता बुफेत नवा पराक्रम केला. प्रत्येक भांड्याचं झाकण उचलायचं, नाक खाली न्यायचं, पुढे सरकायचं. मागे बाराएक माणसांची रांग. त्या भांड्यांवर एक तिरपी काच असते, ती यांना दिसली नाही. नाकावर आपटून चांगलं टेंगूळ आलं. अनयानं आम्हाला ओळख दाखवायची नाही असं ठरवून दूरच्या टेबलावर जेवण केलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मात्र माझा धीर सुटला. मी सरळ विचारलं की माझ्या हातचं आवडेनासं झालं आहे का. ते गडबडले, उत्तम असतं म्हणाले, आणि फ्रीज उघडून ताक शोधायला लागले. ते ताकच मला उत्तर वाटलं.

म्हणून मी निर्णय घेतला आहे. यंदा गणपतीचं जेवण बाहेरून मागवायचं. टायरच्या दुकानाशेजारच्या त्या रेस्टॉरंटवाल्यांनाच निमिषनं सांगितलं आहे. त्यांना आमटी माहीत नाही, डाळ तडका करतील. बाप्पा पनीर खाईल. निमिषनं मला बरं नाही का म्हणून दोनदा विचारलं. मी म्हटलं, आता वय झालं. वन्सं, हे वाक्य बोलताना मला फार वाईट वाटलं. मी एवढी म्हातारी नाही हो. मोदकांचं सारण तेवढं घरी करीन, त्याला मीठ लागत नाही.

यंदा गणपतीला तुम्ही येणार नाही हे बरंच आहे, असं पहिल्यांदाच लिहिते आहे. रागावू नका आणि माया पातळ करू नका.

आपली,
सुलेखा


फ्रीमाँट, १ ऑगस्ट २०२५

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
दादास साष्टांग नमस्कार, वहिनीस सप्रेम नमस्कार.

ड्रॉवर आवरायला काढला, तेव्हा तुमची दोघांची दोन पत्रं हाताशी आली. एक मे महिन्याचं, एक जूनचं. पत्रं किती साठवायची माणसानं? ज्याची त्याला परत पाठवावीत असा विचार केला. आपल्याकडे पूर्वी एका पाकिटात घरातल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या असायच्या, तशी दोन्ही याच पाकिटात घातली आहेत. घडी घालून वर नावं लिहिली, पण चष्मा सापडत नव्हता, त्यामुळे दादाच्या पत्रावर वहिनीचं नाव पडलं असेल आणि वहिनीच्या पत्रावर दादाचं. आता वयाला काय करणार!

दोघांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं. मी कुणालाही काही बोललेले नाही, हे देवासमोर सांगायला तयार आहे. पण तुम्ही दोघं एका छपराखाली बसून मला दीड हजार मैलांवर पत्रं लिहिता, याचा मला आता मनापासून वैताग आला आहे.

दादा, आईला वाफेवरून काय कळायचं ते मला माहीत नाही. मला जवळ येऊ कोण देत होतं?

मोदक मोजून खा. मला विसरू नका, माझ्यावर रागावलात तरी चालेल.

तुमची,
शैलजा


फ्रिस्को, ३० ऑगस्ट २०२५

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

चष्मा सापडला असेल अशी आशा आहे.

तुमचं पाकीट आलं तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी होते आणि मी खिडकीजवळ. आपापल्या नावाची घडी उघडून आम्ही वाचायला लागलो. ते दूध करपल्याचं वाचलं आणि मी तिथेच रडायला लागले. त्या दिवशी गॅसवरून मी त्यांना किती बोलले होते! वर पाहिलं तर तेही माझं पत्र हातात धरून चष्मा पुसत होते. मग ते उठले आणि निमिषला फोन करून बाहेरचं जेवण कॅन्सल करायला सांगितलं. डॉक्टरकडेही मला त्यांनीच नेलं. वास परत येईल, पण वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाले.

बुधवारी पहाटे अंघोळ करून, सोवळं नेसून ते स्वयंपाकघरात उभे राहिले. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा चूक काढायला नाही, मदतीला. खरं सांगते, मला भरवसा नव्हता. अकरा शनिवारांचा निकाल मी वाचला होता ना! पण आमटीला उकळी आली तेव्हा त्यांनी मला पॅटिओतून तुळस आणायला पिटाळलं. मी आले तर निकाल तयार, अर्धा चमचा कमी आहे. भाजीच्या वेळी केळीचं पान पुसून आणायला सांगितलं. आले तर भाजी नेमकी आहे. कढीच्या वेळी अनया उठली का ते बघून ये म्हणाले. मी प्रत्येक वेळी जाऊन येत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते की काय नाक आहे या माणसाचं, आपण उगाच हसलो.

पानं वाढली. पंचवीसच्या पंचवीस जणांनी आमटी मागून घेतली. निमिषनं वाटी तोंडाला लावली आणि लहानपणी म्हणायचा तसं म्हणाला की आई, आज जमलीय. वन्सं, मला काय वाटलं ते मला लिहिता यायचं नाही.

पण एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. जेवणं व्हायच्या आधी, आरतीला सगळे उभे होते. नैवेद्याचं ताट पानानं झाकलेलं, देवासमोर अजून दाखवायचं होतं. तबक ओवाळायला तुमचे दादा पुढे झाले आणि उजेड त्यांच्या तोंडावर पडला. पांढऱ्या मिशीच्या उजव्या टोकाला आमटी लागलेली होती, चांगली पिवळीधमक.

पुरणाचं अख्खं पातेलं वाटून टाकायला लावणारा तुमचा दादा! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला दिसलं आहे हे त्यांना कळलं, आणि ते नऊ वर्षांच्या मुलासारखे खाली बघायला लागले. देवानं पाहिलं असेल तर पाहिलं असेल. बाकी कुणी पाहायच्या आत मी पुढे झाले आणि घाम पुसल्यासारखं करून पदरानं त्यांची मिशी पुसली.

त्यांना यातलं काही विचारू नका, आणि त्या पुरणाची आठवण तर मुळीच काढू नका. माया आहे तशीच राहू द्या, आणि कृपा करून एवढ्यात ड्रॉवर आवरायला काढू नका.

आपली,
सुलेखा