चौदाव्या मजल्यापर्यंत

दि. ४ मार्च

चि. टिचकी हिस, आजीचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त आजीनेच वाचावे’ असं लिहिलंस म्हणे! अगं विसरभोळे, आजी वाचायला कधी शिकली? तुझा बाप शहाण्यासारखा पाकीट न फोडता माझ्या उशाशी ठेवून गेला. दोन दिवस मी पाकिटाकडे बघतेय आणि पाकीट माझ्याकडे. शेवटी शेजारच्या शिवणवालीला बोलावलं. वाचलं तिने, आणि हे लिहितेय तीच. तिच्या तोंडून सुई पडेल, पण शब्द पडायचा नाही.

तीन आठवडे ओटीपोट दुखतंय, अंगात ताप, अंगावरून जातंय त्याला वास, नवऱ्याजवळ जायची धास्ती. आणि तू दुखण्यावरच्या गोळ्या गिळून दिवसभर कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी उभी! वर मलाच घरगुती औषध विचारतेस.

औषध नाही माझ्याकडे. तुझा बाप दोन वर्षांचा असताना मला हेच झालं होतं. लाजेपायी कुणाला बोलले नाही. दुखणं हळूहळू थांबलं, वाटलं सुटले. पुढे मूल राहीना. दहा वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्या जुन्या दुखण्याने आतल्या नळ्या बंद झाल्या. तुला काका नाही, आत्या नाही, ते यामुळे. इथे शिवणवालीने पेन थांबवलं. म्हटलं, लिही बाई, सगळं लिही.

रविवारची वाट बघू नकोस. पत्र मिळेल त्या दिवशी जा.

रागावले आहे, तेवढाच लोभही आहे.
तुझी अंगठेबहाद्दर आजी

दि. ११ मार्च

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी अर्धी रजा टाकून गेले. डॉक्टर माझ्याच वयाची निघाली. तपासताना मी पंख्याची पाती पुन्हा पुन्हा मोजत होते, तीनच होती. मग तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. जंतू खालून वर चढतात, गर्भाशयात, तिथून नळ्यांत. मी स्वच्छता म्हणून जंतुनाशकाने आतून धूत होते, ते साफ बंद करायला सांगितलं. दिवस गेलेत का तेही तपासलं. नाहीत. एक इंजेक्शन दिलं आणि चौदा दिवसांच्या गोळ्या.

चार दिवसांत दुखणं जवळजवळ गेलं. पण गोळ्यांनी मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव. आता थांबवाव्यात म्हणते. आणि नवऱ्यालाही गोळ्या घ्यायच्या आहेत, दोघांचं औषध संपून तपासणी होईपर्यंत वेगळं निजायचं आहे. त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही. तो काय समजेल, आजी?

रागातला लोभ पोचला.
तुझी टिचकी

दि. १४ मार्च

चि. टिचकी हिस, आशीर्वाद, पण मोजून.

चार दिवसांत बरं वाटलं म्हणून औषध थांबवणार! मलाही बरंच वाटलं होतं. तुझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो ना? त्यालाच विचार, चौदाव्या मजल्यावर जायचं तर माणूस चौथ्यावर उतरतो का?

त्याला आज सांग. कुणाकडून कुणाला लागलं याची चौकशी लावत बसू नका. एकाने औषध घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर दुखणं परत तुझ्याकडेच येणार. जीभ जड झाली तर हे पत्र त्याच्या हातात दे. मला नातजावयाची लाज वाटत नाही, त्याला माझी वाटली तर वाटू दे.

आणि तुझ्या ‘हो हो, घेतेय’वर माझा विश्वास नाही. संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या पाठव, दोघांच्याही. अक्षर कळत नसलं तरी रिकामी खोबण अंगठ्याला कळते. ते चित्रही पाठव. माझं कुठे अडलं होतं ते मला या वयात तरी बघू दे.

पट्ट्या आल्या की उरलेले आशीर्वाद पाठवीन.
आजी

दि. ३० मार्च

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

सोबत पट्ट्या आणि चित्र. तुझं पत्र नवऱ्याच्या हातात दिलं. मला वाटलं, आता संपलं. मग चौदाव्या मजल्यापाशी हसला आणि दवाखाना किती वाजता उघडतो ते विचारलं. मळमळीवर आमच्या टेबलावरच्या मुकादमबाईंनी आल्याची बिस्किटं दिली, त्यांच्या जोरावर चौदा दिवस काढले.

पुन्हा तपासून झालं. दुखरेपणा गेला आहे. पुढे मूल होईलच असं डॉक्टर लिहून देत नाही, पण वेळेवर आलीस म्हणाली. वेळेवर कुणामुळे आले, ते तिला सांगितलं.

लोभ चौदा दिवसांनी संपत नाही, हे ठाऊक आहे.
तुझी टिचकी

दि. ९ एप्रिल

चि. टिचकी हिस, राहिलेले सगळे आशीर्वाद.

पट्ट्या अंगठ्याने दोनदा तपासल्या. पास. चित्रावर शिवणवालीने माझं बोट नळीवरून फिरवलं. एवढीशी असते गं! एवढ्याशा वाटेपायी मी जन्मभर स्वतःला दोष दिला.

मग चित्र शिवणवालीने मागून नेलं. चार दिवस परत येईना. पाचव्या दिवशी आली, शिवणयंत्रावर बसवत नाही म्हणाली, आणि रडली. तुझं पत्र वाचून दाखवताना तिचा आवाज का अडखळत होता, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. काल मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. कालपासूनच तिच्या गोळ्या सुरू, नवऱ्याच्याही. हे लिहू का, असं तिनेच विचारलं आणि तिनेच लिहिलं.

मळमळ तिलाही आहे. तेव्हा ती आल्याची बिस्किटं लगेच पाठव. दोन पुडे. एक तिला, आणि एक समोर बसून गोळ्या मोजणाऱ्या म्हातारीला. माझी मऊ बघून घे, दात तीनच उरलेत.